उपाशी कुशीतली चरबी

१९०१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात ४,२३,६१६ माणसं नोंदली गेली. दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीपेक्षा ही संख्या बारा टक्क्यांनी कमी होती. चिखली, मलकापूर आणि मेहकर या तालुक्यांचा तो जुना जिल्हा. जळगाव आणि खामगाव पुढे त्यात आले. मधल्या दशकात १८९६-९७ चा दुष्काळ पडला, त्यातून वऱ्हाड सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा येऊन उभा राहिला. उपासमारीच्या पाठोपाठ साथी आल्या. गेलेल्यांचा हिशेब इंग्रजी राजवटीच्या कागदांत सापडतो. जे वाचले ते पुन्हा शेतात गेले, कापूस पिकवू लागले. त्यांच्या मुली नांदायला गेल्या, बाळंत झाल्या. उपासमारीतून तगलेल्या त्या शरीरांनी पुढच्या पिढीच्या शरीराला काय दिलं, हे विचारण्याचं साधन त्या काळात कोणाकडेच नव्हतं.

हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारला जायला पुढे नव्वदेक वर्षं गेली. तो विचारला गेला पुण्यात, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात. तिथे दुष्काळाचा अभ्यास करायला कोणी बसलेलं नव्हतं. तिथे मधुमेहाचे रोगी येत होते आणि ते पाठ्यपुस्तकातल्या वर्णनात बसत नव्हते.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डमध्ये मधुमेहावर काम करून १९८० च्या दशकात पुण्यात स्थिरावले. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला ठोकताळा असा होता की टाइप-२ मधुमेह हा उतारवयातल्या लठ्ठ माणसाचा आजार. पुण्याच्या ओपीडीत मात्र पस्तिशी-चाळिशीची माणसं येत. बरीचशी अंगाने बारीक. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो बॉडी मास इंडेक्स काढतात, त्या हिशेबाने यातले कित्येक जण लठ्ठ ठरतच नसत. वेलकम ट्रस्टच्या मदतीने याज्ञिकांनी नव्याने निदान झालेल्या रोग्यांची पद्धतशीर मापं घेतली, तेव्हा दिसलं ते असं: हातपाय बारीक, स्नायू कमी, पण कंबरेचा घेर नितंबांच्या मानाने मोठा. चरबी होती, ती काट्यावर दिसत नव्हती, पोटात होती.

याचं कारण काय? त्या काळी तयार उत्तर एकच होतं, जनुकं. अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं की ज्या माणसांच्या पूर्वजांनी वारंवार दुष्काळ भोगले, त्यांच्यात अन्न साठवून ठेवणारी काटकसरी जनुकं टिकून राहिली असावीत. तीच जनुकं सुबत्तेच्या काळात मधुमेहाला कारण होतात. कल्पना आकर्षक होती आणि भारतीयांना ती चटकन लागूही पडल्यासारखी वाटे. पण जनुकं हजारो वर्षांच्या संथ गतीने बदलतात. मधुमेह मात्र एका पिढीत वाढताना डोळ्यांसमोर दिसत होता. नुसत्या जनुकांनी या वेगाचा उलगडा होत नव्हता.

दुसरं उत्तर इंग्लंडमधून आलं, तेही एका परिचारिकेच्या वह्यांमधून. हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली १९११ पासून प्रत्येक नवजात बाळाचं वजन आणि वर्षभरानंतरचं वजन लिहून ठेवलं जात होतं. साउथॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांना त्या वह्या मिळाल्या. त्यांनी त्या बाळांना शोधलं. बाळं आता साठी ओलांडलेले पुरुष झाले होते. १९९१ मध्ये बार्कर आणि निकोलस हेल्स यांच्या गटाने जाहीर केलं की जन्माच्या वेळी जे वजनाने कमी होते, त्यांच्यात म्हातारपणी रक्तातली साखर बिघडण्याचं प्रमाण अधिक होतं. पुढच्याच वर्षी दोघांनी आपला सिद्धांत मांडला: आईच्या पोटात अन्न कमी पडलं तर गर्भ स्वतःची घडण बदलतो. मेंदू वाचवतो, स्वादुपिंड, स्नायू, यकृत यांच्या वाट्याला कमी येतं. ही तडजोड त्या क्षणी जीव वाचवते. तिची किंमत पन्नास वर्षांनी भरावी लागते.

बार्कर आणि याज्ञिक यांची गाठ पडली ती या टप्प्यावर. त्यांच्याबरोबर साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आल्या आणि त्यांनी भारतातल्या अशा अभ्यासांसाठी पुढची कित्येक वर्षं दिली. केईएममध्ये एक मोठी सोय आधीच होती. डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या बालरोग विभागाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुग्णालयात जन्मलेल्या बाळांच्या नोंदी नीट ठेवल्या होत्या. ती मुलं आता चार वर्षांची झाली होती. त्यांना बोलावून, ग्लुकोज पाजून, रक्त तपासलं गेलं. १९९५ मध्ये निष्कर्ष छापून आले: जन्मवजन जितकं कमी, तितकी चार वर्षांच्या मुलाच्या रक्तात ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर आणि इन्शुलिन जास्त. हर्टफर्डशायरमध्ये जे साठीनंतर दिसलं, ते पुण्यात बालवाडीच्या वयात दिसलं.

आता पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला. बाळ लहान का जन्मतं? त्याचं उत्तर शोधायचं तर आईपर्यंत जायला हवं, आणि तेही ती गरोदर राहण्याआधी. शहरातल्या रुग्णालयात बाई येते ती पाचव्या-सहाव्या महिन्यात. म्हणून हे काम खेड्यात करायचं ठरलं.

केईएमला खेडं नवं नव्हतं. रुग्णालयाची धुरा दीर्घकाळ वाहणाऱ्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकापासून शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं होतं. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्याकडून आरोग्यसेवा घरोघर पोचवायची, ही त्यांची पद्धत. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. मला हा योगायोग महत्त्वाचा वाटतो. गावाचा दवाखान्यावर विश्वास नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पुण्यापासून साधारण पन्नास किलोमीटरवरची, पावसाचा भरवसा नसलेली सहा गावं निवडली गेली. अडीच हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची यादी झाली. क्षेत्र-कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जात आणि पाळी आली का, कोणत्या तारखेला आली, हे विचारून लिहून घेत. सासूसमोर, जावेसमोर, कधी शेताच्या बांधावर हा प्रश्न विचारायचा आणि खरं उत्तर मिळवायचं, हे सोपं काम नाही. पाळी चुकली की सोनोग्राफी होई. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात रक्त घेतलं जाई, खाण्याची तपशीलवार नोंद होई. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आहाराचा अभ्यास केला: किती भाकऱ्या, किती वरण, पालेभाजी आठवड्यातून किती वेळा, दूध चहातलंच की वेगळं. बाई दिवसभरात काय काम करते हेही लिहिलं गेलं. विहिरीवरून पाणी आणणं, धुणं, शेतातलं खुरपणं. ज्या बायकांच्या अंगावर अशी कष्टाची कामं जास्त होती, त्यांची बाळं लहान असल्याचं पुढे याच नोंदींतून निघालं.

या बायकांची मापं वाचताना मन थांबतं. गरोदर राहण्यापूर्वीचं सरासरी वजन ४१.७ किलो. उंची १५२ सेंटिमीटर. बॉडी मास इंडेक्स १८.१, म्हणजे निम्म्याहून अधिक जणी वैद्यकीय व्याख्येने कमी वजनाच्या. गरोदरपणात खाणं दिवसाला सुमारे १७७० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं. अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत त्यातही थोडी घटच. गरोदर बाईने जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल, ही समजूत आपल्या खेड्यांत जुनी आहे. घाटावर आणि घाटाखाली, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ती आजही ऐकू येते.

या स्त्रियांचं सरासरी वय होतं एकवीस वर्षं. त्यांची नोंदणी झाली १९९४ ते १९९६ या काळात. म्हणजे त्यांच्यातल्या अनेकींचा जन्म १९७३ च्या आगेमागे झालेला. हा हिशेब कोणत्या शोधनिबंधातला नाही, माझा आहे. पण महाराष्ट्रातल्या वाचकाला ते साल सांगावं लागत नाही. १९७२ चा दुष्काळ. रोजगार हमीची खडी, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. त्या वेळी पोटुशा असलेल्या बायका खडी फोडायला जात होत्या, आणि त्यांच्या पोटातल्या मुली वीस वर्षांनी या अभ्यासाच्या यादीत आल्या.

याला एक जैविक बाजूही आहे. स्त्रीची सगळी बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे १९९५ मध्ये जन्मलेल्या बाळाचं अर्धं बीज १९७३ च्या सुमारास त्याच्या आजीच्या गर्भाशयात घडलेलं होतं. दुष्काळात उपाशी राहिलेली एक बाई, तिच्या पोटातली मुलगी आणि त्या मुलीच्या बीजकोशातला नातू, तिन्ही पिढ्या एकाच ताटावर अवलंबून होत्या. 

बाळं जन्मली. बहात्तर तासांच्या आत परिचारिका जाऊन प्रत्येकाची मापं घेत: वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर, पोटाचा घेर आणि चिमट्यासारख्या उपकरणाने त्वचेच्या घडीची जाडी. दंडावरची आणि पाठीवर खवाट्याखालची. मापं घेण्याची रीत साउथॅम्प्टनमधल्या अभ्यासासारखीच काटेकोर ठेवली होती, म्हणून दोन्हीकडच्या आकड्यांची तुलना करता आली. २००३ मध्ये पुण्याकडच्या ६३१ बाळांची साउथॅम्प्टनच्या ३३८ गोऱ्या बाळांशी केलेली तुलना प्रसिद्ध झाली. पुण्याकडच्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडचं ३.५ किलो. पाऊण किलोहून अधिक फरक. हा फरक सगळ्या अवयवांत सारखा विभागला गेला असता तर बाळ नुसतं लहान म्हटलं असतं. तसं झालेलं नव्हतं. पोटाचा घेर सर्वांत मागे पडला होता, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव लहान राहिले होते. दंडाचा स्नायू कमी होता. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली होती. २.७ किलोचं, हातपाय वाळलेलं बाळ, आणि त्याच्या अंगात प्रमाणाने जास्त चरबी.

इंग्रजीत या बाळाला ‘थिन-फॅट बेबी’ हे नाव पडलं. बारीक-लठ्ठ.

रक्तातूनही तेच निघालं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधून काढलं. चरबीच्या पेशीच ते रक्तात सोडतात. शरीरात साठा किती आहे हे मेंदूला त्यातून कळतं. तोवर मेदपेशीला तेल साठवणारी निर्जीव पिशवी समजत. त्या शोधानंतर ती हार्मोन स्रवणारी ग्रंथी म्हणून ओळखली जाऊ लागली. फ्रीडमन यांचा निबंध आला तेव्हा या सहा गावांत गरोदर बायकांची नावनोंदणी चालू होती. पुढे पुण्यात जन्मलेल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासून लंडनच्या बाळांशी ताडून पाहिलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले: पुण्याची बाळं वजनाने बरीच लहान असूनही त्यांचं लेप्टिन तिकडच्या बाळांच्या जवळपास होतं आणि इन्शुलिन तर जास्त. मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या खुणा जन्माच्या दिवशीच रक्तात होत्या. २००९ मध्ये लंडनच्या डॉ. नीना मोदी यांच्याबरोबर केलेल्या एमआरआय तपासणीने ही चरबी पोटात कुठे बसते तेही दाखवलं.

मोठ्या माणसांबद्दल सांगायचं तर २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेलं एक छायाचित्र बहुतेक डॉक्टरांना ठाऊक असतं. याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी धोक्याची पातळी २३ पासूनच धरावी, अशी शिफारस छापली.

पण अन्न कमी पडलेला गर्भ चरबी का साठवेल? साधी बुद्धी उलट सांगते. इथे मूलपेशींकडे पाहावं लागतं. गर्भात एक प्रकारच्या मूलपेशी असतात ज्यांच्यापुढे अनेक वाटा खुल्या असतात: स्नायू, हाड, कूर्चा किंवा मेद. कोणती वाट धरायची हे आजूबाजूच्या रसायनांवर, पोषणावर, हार्मोनांवर ठरतं. स्नायू बनवायला प्रथिनं लागतात, आणि स्नायूंच्या तंतूंची संख्या जन्माच्या आसपास जवळजवळ कायम होते. त्या काळात जे बनलं नाही ते पुढे फारसं भरून निघत नाही. चरबीचा साठा मात्र मेंदूसाठी विम्यासारखा आहे. बाहेर पडल्यावर दूध मिळेल न मिळेल, मेंदूला इंधन लागणारच. म्हणून गर्भ स्नायूवर तोटा सोसतो आणि चरबी जपतो.

मेदपेशींची संख्या पुढेही सहजी बदलत नाही. स्वीडनच्या करोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पाल्डिंग यांनी २००८ मध्ये एक विलक्षण युक्ती वापरून हे सिद्ध केलं. १९५५ ते ६३ च्या दरम्यान अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला आणि तो सगळ्या जिवांच्या डीएनएत शिरला. पेशीतला हा कार्बन मोजून त्यांनी तिचा जन्मकाळ काढला. दिसलं असं की मेदपेशींची संख्या बालपणी आणि पौगंडावस्थेत ठरते. मोठेपणी दरसाल दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्याने बनतात, एकूण आकडा तोच राहतो. वजन वाढतं तेव्हा मुख्यतः त्याच पेशी फुगतात. त्वचेखालच्या पेशींची जागा संपली की चरबी यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती उतू जाते. भारतीय माणसाची त्वचेखालची ही जागा लवकर भरते आणि चरबी लवकर आत वळते, असं मत अनेक तज्ज्ञांनी मांडलं आहे.

आहाराच्या नोंदींतून काय निघालं? बाईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो दुधाशी, फळांशी आणि हिरव्या पालेभाजीशी. ज्या बायकांच्या ताटात हे पदार्थ वारंवार होते त्यांची बाळं मोठी होती, आणि सर्वांत कमी वजनाच्या आयांमध्ये हा फायदा अधिक दिसला. २००१ मध्ये राव आणि सहकाऱ्यांनी हे छापलं. म्हणजे पोट भरणं पुरेसं नव्हतं; भाकरीबरोबर काय आहे ते महत्त्वाचं होतं.

त्यातूनच तपास सूक्ष्म पोषकद्रव्यांकडे वळला आणि समोर आलं बी-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतींत नसतं. दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. या गावांतल्या गरोदर बायकांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणींत ते कमी होतं. पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांत नंतर पाहिलं तर तिथेही ६७ टक्के कमी निघाले, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. याउलट फोलेट पुरेसं होतं. ते पालेभाजी, डाळींतून मिळतं, शिवाय सरकारी लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या होत्याच. २००८ साली ‘डायबेटोलॉजिया’ नियतकालिकात सहा वर्षांच्या मुलांचे निष्कर्ष आले. ज्यांच्या आईचं फोलेट जास्त होतं त्या मुलांत चरबी अधिक. आणि ज्यांच्या आईचं फोलेट जास्त पण बी-१२ कमी, ती मुलं इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देणारी. फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. बाळाच्या मज्जारज्जूतलं व्यंग टाळायला ते हवंच. पण फोलेट आणि बी-१२ ही जोडी पेशीत एकत्र काम करते, आणि एकाचा पुरवठा करून दुसरीकडे दुर्लक्ष केलं तर तोल बिघडतो.

हा तोल जनुकांपर्यंत पोचतो. डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट बसले की त्या जागचं जनुक मुकं होतं, निघाले की बोलतं. मिथाइल गटांचा पुरवठा फोलेट आणि बी-१२ च्याच चक्रातून होतो. २००३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वॉटरलँड आणि रँडी जर्टल यांनी गाभण उंदरिणींच्या आहारात ही द्रव्यं वाढवून पिल्लांच्या केसांचा रंग बदलून दाखवला, डीएनएतलं एकही अक्षर न बदलता. आणि नेदरलँड्समधल्या १९४४-४५ च्या उपासमारीत गर्भात असलेल्या माणसांच्या डीएनएवर साठ वर्षांनीही मिथाइल गटांची मांडणी वेगळी असल्याचं २००८ मध्ये दिसलं. तो दुष्काळ काही महिन्यांचा होता. आपल्याकडचे अनेक पिढ्यांचे होते.

मूळ जनुकांचा वाटा अर्थातच शिल्लक राहतो. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक आणि याज्ञिक यांनी पुण्याच्या रोग्यांवर हे तपासलं. आइसलँडमध्ये सापडलेलं टीसीएफ७एल२ हे जनुक भारतीयांतही मधुमेहाशी पक्कं जोडलेलं आढळलं. एफटीओ जनुकाची गोष्ट अधिक बोलकी आहे. युरोपात ते माणसाला लठ्ठ करतं आणि लठ्ठपणातून मधुमेह आणतं, असं २००७ मध्ये कळलं होतं. पुण्यात २००९ मध्ये दिसलं की वजनाचा परिणाम बाजूला काढला तरी या जनुकाचा मधुमेहाशी असलेला संबंध बराचसा उरतो. तेच जनुक, पण शरीराची घडण वेगळी असली की त्याचं वागणंही वेगळं. माझ्या मते नील यांच्या काटकसरी जनुकाला मिळालेलं हे सर्वांत नेमकं उत्तर आहे.

हे नुकसान भरून यायला किती पिढ्या लागतील? माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, म्हणून तो उंदरांवर झाला. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्या हाताखाली तयार झालेले आनंदवर्धन हार्डीकर यांचं मूळ काम स्वादुपिंडातल्या मूलपेशींवरचं. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत घडवता येतील का, हा त्यांचा ध्यास. पुढे ते सिडनीला गेले. २०१५ मध्ये त्यांनी याज्ञिकांसह एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेले उंदीर होते. ते लहान जन्मत, त्यांच्यात चरबी आणि इन्शुलिन जास्त, बी-१२ कमी. मधुमेह आणणाऱ्या औषधाला ते आठपटीने लवकर बळी पडत. मग त्यांना दोन पिढ्या पोटभर, चांगलं अन्न दिलं. बिघाड तरीही गेला नाही.

आपल्याकडे हरितक्रांती होऊन, रेशनवर धान्य मिळू लागून किती पिढ्या झाल्या? दोन, फार तर तीन. या उंदरांचा निबंध वाचताना हा हिशेब मनात येतोच.

सहा गावांतली ती मुलं सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासली गेली. बहुतेक सगळी आली. ज्या घरांनी पाळीच्या तारखा सांगितल्या होत्या त्यांनी मुलंही पाठवली. अठराव्या वर्षीचे निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. ६१९ तरुण-तरुणींपैकी ४८ टक्के अजूनही कमी वजनाचे होते. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. लठ्ठपणाचा इथे प्रश्नच नव्हता. ज्यांची गर्भातली वाढ कमी झाली होती त्यांचं स्वादुपिंड लहानपणापासूनच इन्शुलिन पुरेसं वाढवू शकत नव्हतं. याच अभ्यासातल्या मुलांवर, त्यांची लग्नं होण्याआधी, २०१२ पासून ‘प्रिया’ नावाचा प्रयोग सुरू करण्यात आला. दिवसाला बी-१२ ची जेमतेम दोन मायक्रोग्रॅमची मात्रा. गरोदर झाल्यावर गोळ्या देण्यापेक्षा गर्भ राहण्याआधीच शरीर तयार करावं, हा त्यामागचा विचार.

बुलढाणा जिल्ह्यात असा अभ्यास झालेला नाही. पण त्यासाठी इथल्या लोकांनी थांबायचं कारण नाही. आपल्या घरातली तेरा-चौदा वर्षांची मुलगी ही पुढच्या पिढीच्या मधुमेहाचा निर्णय आजच करते आहे, तिच्या ताटातून. भाकरीबरोबर तिला दूध-दही, घरात चालत असेल तर अंडी, मांस द्या. अंबाडी, चवळी, मेथी यांपैकी एक पालेभाजी रोज मिळाली पाहिजे, आणि ती भावाच्या ताटातलं उरलेलं म्हणून नव्हे. मुलीचं लग्न शरीर पूर्ण वाढल्याशिवाय करू नका. घरात गरोदर बाई असेल तर तिचं खाणं कमी करू नका आणि पाण्याचा हंडा दुसऱ्या कोणीतरी उचला. बी-१२ ची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. आणि घरातला माणूस बारीक आहे म्हणून त्याला साखर होणार नाही, हे डोक्यातून काढून टाका. कंबरेचा घेर मोजा आणि तिशीतच एकदा रक्त तपासा.

जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला एकच विनंती आहे. मधुमेह प्रतिबंधाचा निधी आणि मनुष्यबळ यांतला मोठा वाटा शाळकरी मुली आणि नवविवाहित स्त्रिया यांच्या पोषणाकडे वळवा.